आपलें धुळें: कोण कोठून आलें



गेल्या वर्षीं पावसाळ्याच्या आरंभीं इयत्ता आठवीच्या वर्गांत हजेरी घेऊन झाल्यावर मीं सहज एक प्रश्न विचारला, "तुमची मातृभाषा कोणती?" वर्गांत अठ्ठेचाळीस मुलें होतीं. 'मराठी' हा शब्द उच्चारतांच त्रेचाळीस हात वर गेले. तिघांनीं उर्दू सांगितली, एकानें सिंधी, एकीनें गुजराती. वहींत नोंद झाली आणि प्रश्न संपला. मधल्या सुटींत मी व्हरांड्यांतून जात असतां, सकाळीं 'मराठी' म्हणून ज्यानें सर्वांच्या आधीं हात वर केला होता तोच मुलगा आपल्या सोबत्यास मोठ्यानें विचारीत होता, "मना डबा कोठे शे रे?" मला पाहतांच तो थबकला आणि तेंच वाक्य त्यानें पुस्तकी भाषेंत पुन्हां म्हटलें, "माझा डबा कोठें आहे?"

त्या मुलानें कांहीं अपराध केला नव्हता. घरीं आजी जी भाषा बोलते ती तो बोलत होता, एवढेंच. पण चोरी पकडली जावी तसा त्याचा चेहरा झाला, आणि सकाळीं मीं केलेली नोंद खरी नव्हती हें माझ्या ध्यानांत आलें. प्रश्न मींच नीट विचारला नव्हता. ज्या शहरांत आपण राहतों तेथें कोण कोण राहतें, तें कोठून आलें, घरांत काय बोलतें, ह्याचा विचार आपण फारसा करीत नाहीं. 'हे मूळचे' आणि 'ते बाहेरचे' अशा दोन शब्दांत सगळ्या गांवाची वांटणी करून मोकळे होतों. ती वांटणी कितपत टिकते हें पाहण्याकरितां पुढील मजकूर लिहीत आहें. पालकांनींही तो वाचावा अशी विनंती आहे. कारण ह्यांतील कित्येक गोष्टींचा पडताळा त्यांच्याच घरीं मिळण्यासारखा आहे.

धुळें शहराच्या इतिहासांत एक वर्ष असें आहे कीं त्या वर्षीं हें गांव अगदीं ओस पडलें होतें. १८०२ सालीं यशवंतराव होळकरांच्या फौजेनें खानदेश लुटला. पाठोपाठ पेंढाऱ्यांच्या धाडी आल्या आणि भयंकर दुष्काळ पडला. १८०३ मध्यें धुळ्यांत राहणारा कोणी उरला नाहीं. पुढल्या वर्षीं विंचूरकरांच्या आश्रयास असलेल्या बाळाजी बळवंत नांवाच्या गृहस्थानें लोकांस बोलावून आणून हें गांव पुन्हां वसविलें, आणि त्याबद्दल त्यास इनाम जमीन मिळाली. म्हणजे 'आमचें घराणें १८०३ च्या आधींपासून अखंड ह्याच गांवांत आहे' असें आज धुळ्यांत कोणासही छातीठोकपणें सांगतां येणार नाहीं. जे जुने रहिवासी परत आले, तेही एकदां घरास कुलूप लावून गेलेलेच होते. मूळचे आणि बाहेरचे हा वाद मीं अनेकदां ऐकला आहे. वाद करणाऱ्यांपैकीं हें एक वर्ष कोणास ठाऊक असल्याचें मात्र माझ्या अनुभवास आलेलें नाहीं.

१८१८ मध्यें पेशवाई बुडाली आणि खानदेश इंग्रजांच्या हातीं गेला. जिल्ह्याचा कारभार कॅप्टन जॉन ब्रिग्ज ह्यांच्याकडे आला व त्यांनीं मुख्य ठाणें म्हणून धुळ्याची निवड केली. १८१९ सालीं येथें अवघीं ४०१ घरें व २,५०९ माणसें होतीं. नदी आणि पाटाचें पाणी ह्यांच्यामध्यें दाटीनें वसलेलें हें खेडें, भोंवतीं बागाईत. ब्रिग्ज ह्यांनीं जुन्या गांवाच्या बाजूस नवी पेठ आंखली. कचेऱ्या बांधण्याकरितां दूरदूरच्या ठिकाणांहून कारागीर आणविले. जो व्यापारी येथें येऊन घर बांधील त्यास जागा कायमची विनाभाडें दिली आणि घर बांधण्यास आगाऊ रक्कमही दिली. जुन्या रहिवाशांस दिली तशी परक्यांसही दिली. त्यांनीं रस्ते सरळ रेषेंत काढले. आज आपण पत्ता सांगतांना 'चौथी गल्ली', 'पांचवी गल्ली' असें म्हणतों तो ह्याच आंखणीचा परिणाम होय. महाराष्ट्रांतील बहुतेक जुन्या शहरांत आळ्यांना जातींचीं वा धंद्यांचीं नांवें आहेत. कासार आळी, तांबट आळी, अमुक वाडा, तमुक पुरा. येथें मात्र मधल्या शहरांत गल्ल्यांना आंकडे आहेत. आंकडा कोणास जात विचारीत नाहीं. अर्थात् ह्यावरून त्या गल्ल्यांत सर्व लोक मिसळून राहूं लागले असें कोणी समजूं नये. माणसें आपापल्या माणसांजवळ घर घेतात, आणि पुढें जुनें धुळें, देवपूर, मोगलाई, माधवपुरा, मौलवीगंज, कुमारनगर ह्या नांवांबरोबर कोण कोठें राहतो तेंही लोकांच्या तोंडीं बसून गेलें.

शहर नवें असलें तरी प्रांत फार जुना आहे. चाळीसगांवजवळील पाटण येथें भास्कराचार्यांच्या नातवानें, चांगदेवानें, तेराव्या शतकाच्या आरंभीं आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनाकरितां मठ स्थापिला. त्याचा शिलालेख अद्याप तेथें आहे. पुढें १३८२ पासून १६०१ पर्यंत फारुकी सुलतानांनीं ह्या प्रांतावर राज्य केलें. त्यांची पहिली राजधानी थाळनेर. तें आज शिरपूर तालुक्यांतील तापीकांठचें एक गांव आहे. मागाहून त्यांनीं बुऱ्हाणपूर वसविलें. अकबरानें अशीरगड घेतल्यावर मोगल आले, नंतर मराठे आले. प्रत्येक राज्याबरोबर सैनिक, कारकून, विणकर, सोनार, फकीर आणि गोसावी आले, आणि राज्यें गेलीं तरी हे लोक राहिले.

ह्या सर्वांच्या आधींपासून ह्या भूमीवर असलेले लोक कोण, असें विचाराल तर भिल्लांचें नांव प्रथम घ्यावें लागेल. सातपुडा आणि सातमाळा ह्या दोन्ही डोंगरांत त्यांची वस्ती फार पुरातन आहे. इंग्रजी अंमलाच्या पहिल्या कांहीं वर्षांत त्यांनीं सरकाराशीं निकराचा झगडा केला. तेव्हां १८२५ मध्यें धरणगांव येथें जेम्स औट्रम ह्यांनीं भिल्लांचीच एक पलटण उभी केली. १८५७ च्या धामधुमींत खाज्या नाईक ह्यांनीं सेंधव्याच्या घाटांत पुन्हां शस्त्र उचललें, आणि १८५८ मध्यें अंबापाणी येथें मोठी लढाई झाली. आपल्या शाळेच्या इतिहासाच्या तासाला ह्या लढाईची माहिती किती मिनिटें सांगितली जाते, हें मी येथें लिहीत नाहीं.

शहरांत मात्र ह्या आद्य रहिवाशांचा माग नांवांतच अधिक उरला आहे. खानदेशांत बहुतेक मोठ्या गांवांच्या कडेस भिलाटी असते. जळगांवांत भिलपुरा नांवाची पेठच आहे. परंतु तेथून जाणाऱ्यास ह्या नांवाचा अर्थ सहसा सुचत नाहीं. साक्री, नवापूर, शिरपूर, अक्राणी ह्या भागांतील पावरा, मावची, कोकणा आणि भिल्ल मुलें शिक्षणाकरितां धुळ्यास येतात, वसतिगृहांत राहतात. १ जुलै १९९८ रोजीं नंदुरबार जिल्हा निराळा झाला तेव्हां पश्चिमेकडील बराच आदिवासी मुलूख धुळें जिल्ह्यांतून गेला. तथापि मुलांचें येणें थांबलें नाहीं. शहरांत सर्वांत नवे म्हणून ज्यांच्याकडे आपण पाहतों तेच ह्या प्रांतांत सर्वांत जुने आहेत. यावल-रावेरकडील तडवी ह्यांची गोष्ट आणखी निराळी. ते वंशानें भिल्ल आणि धर्मानें मुसलमान आहेत. ज्यांना माणसांची रकान्यांत वांटणी करण्याची हौस आहे त्यांनीं तडव्यांचा रकाना कोणता तें अवश्य ठरवून पाहावें.

शेतकरीवर्गांतही एकच एक मूळ सांपडत नाहीं. मराठे आणि कुणबी ह्यांच्या जोडीला पूर्व खानदेशांत लेवा पाटीदार आहेत. आपले पूर्वज गुजरातेंतील पावागडाकडून आले अशी त्यांच्यांत परंपरा आहे. रेवे गुजरांचें नांव रेवा म्हणजे नर्मदा हिच्यावरून पडलें असें सांगतात. शिंदखेडें-दोंडाईच्याकडील गिरासे राजपूत आपला संबंध राजस्थानाशीं जोडतात. परंतु त्यांच्या ओट्यावर बसून पाहा, तेथें अहिराणीच कानीं पडेल. लाडशाखीय वाण्यांच्या नांवांतील 'लाड' हा शब्द लाट देशाचा, म्हणजे दक्षिण गुजरातेचा, अवशेष मानतात. चाळीसगांवच्या बाजूस बंजाऱ्यांचे तांडे आहेत. एके काळीं बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून देशभर फिरणारे हे लोक आगगाडी आल्यावर एका जागीं बसले. त्यांची गोरमाटी बोली मात्र त्यांच्याबरोबर राहिली.

आगगाडीनें ज्यांचें दैव फिरलें त्यांत जळगांव हें शेजारचें शहर प्रमुख होय. १८६१ पासून १८६५ पर्यंत अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें होतें. तेथील कापूस विलायतेस जाईना. त्यामुळें खानदेशच्या कापसास सोन्याचा भाव आला. त्याच सुमारास लोहमार्ग जळगांवावरून गेला आणि एक साधारण खेडें कापसाची मोठी पेठ झालें. कापसामागून गुजराती भाटिये आले, कच्छी आले, मारवाडी आले, पारशी आले. मुळजी जेठा ह्या मुंबईच्या कापड-व्यापाऱ्यांच्या घराण्यानें तेथें कापडाची गिरणी चालविली. १९४५ मध्यें निघालेल्या जळगांवच्या महाविद्यालयास त्यांचेंच नांव आहे. १९०६ सालीं खानदेशचे दोन जिल्हे झाले, तेव्हां पश्चिमेचें ठाणें धुळें आणि पूर्वेचें जळगांव असें ठरलें. १९०१ च्या शिरगणतींत धुळ्याची लोकसंख्या पावणेपंचवीस हजारांच्या जवळपास व जळगांवची सोळा हजारांवर होती. २०११ च्या गणतींत धुळें पावणेचार लाखांच्या घरांत, तर जळगांव चार लाख साठ हजारांवर गेलेलें दिसतें. आपल्याकडे लोहमार्गाची शाखा चाळीसगांवाहून आली ती १९०० च्या सुमारास, तीही येथेंच येऊन थांबली. धुळें वाढलें तें रस्त्यांवर. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन मोठे मार्ग येथें एकमेकांस छेदतात. जळगांवास माणसें गाडींतून उतरलीं. धुळ्यास तीं बहुधा पायीं आणि बैलगाडीनें आलीं.

आग्रा रस्त्यानें आलेल्यांत मोमीन विणकरांचा मोठा भाग आहे. एकोणिसाव्या शतकांत उत्तर हिंदुस्थानांत यंत्रावरच्या विलायती कापडानें हातमाग बुडविला. त्यांत १८५७ चा प्रलय आणि पुढचे दुष्काळ ह्यांची भर पडली. तेव्हां पुष्कळ विणकर कुटुंबें दक्षिणेकडे निघालीं. कांहीं बुऱ्हाणपुरास राहिलीं, कांहीं मालेगांवीं, कांहीं धुळ्यास, कांहीं थेट भिवंडीपर्यंत गेलीं. येथें त्यांनीं मराठी बायकांचीं लुगडीं विणलीं. जिच्या अंगावर तें लुगडें असे तिची आणि तें विणणाऱ्याची भाषा एक नव्हती, देव एक नव्हता. पण कांठ किती बोटांचा हवा आणि पदर कसा हवा हें विणणाऱ्यास पक्कें ठाऊक असे. पुढें हातमागाचे यंत्रमाग झाले. चाळीसगांव रस्त्याच्या बाजूस संध्याकाळीं फिरावयास गेल्यास त्यांचा खटखटाट आजही ऐकूं येतो.

कचेऱ्या आणि न्यायालयें ह्यांच्यामुळें देशावरून व कोंकणांतून सुशिक्षित वर्ग आला. त्यांतील एक नांव तुम्हां सर्वांस ठाऊक असलें पाहिजे. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे हे ३१ डिसेंबर १९२६ रोजीं धुळ्यांतच वारले. त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ पुढल्याच वर्षीं येथें स्थापन झालें. विनोबांनीं गीतेवरील प्रवचनें १९३२ मध्यें दिलीं तीं धुळ्याच्या तुरुंगांत, आणि तीं लिहून घेतलीं अंमळनेरच्या शाळेंत पूर्वीं शिक्षक असलेल्या साने गुरुजींनीं. दोघेही जन्मानें कोंकणांतले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर ३१ जुलै १९३७ रोजीं न्यायालयाच्या कामानिमित्त येथें आले व लळिंगच्या लांडोर बंगल्यांत उतरले. त्या दिवसाच्या स्मरणार्थ दर वर्षीं तेथें हजारों लोक जमतात, आणि पावसांत चिखल तुडवीत येणाऱ्यांत आपल्या शाळेच्या मुलांचे आजी-आजोबाही असतात. बोहरी, पारशी आणि ख्रिस्ती ह्यांची संख्या थोडी. ज्या मिशनरी मंडळींनीं ही शाळा काढली, तीं तर समुद्र ओलांडून आलेलीं. त्यांना आधीं मराठी आणि मग अहिराणी शिकावी लागली.

१९४७ च्या फाळणीनें आणखी एक समाज आणला. सिंधी कुटुंबें घरेंदारें सोडून आलीं. कांहीं धुळ्यास कुमारनगरांत आणि कांहीं जळगांवच्या सिंधी कॉलनींत, जेथें संत कंवरराम ह्यांच्या नांवाचें कंवरनगर आहे, तेथें स्थिरावलीं. निर्वासित ह्या शब्दांत अनुकंपा आहे तशी थोडी हेटाळणीही आहे. ती ह्या लोकांनीं पुष्कळ वर्षें सोसली. दारोदार कापड आणि बिस्किटें विकून त्यांनीं दुकानें उभीं केलीं. त्यांच्या भाषेस स्वतःचा प्रांत भारतांत उरला नाहीं. घटनेच्या आठव्या परिशिष्टांत तिला जागा मिळाली ती १९६७ मध्यें. नातवंडें आतां मराठी शाळांत आणि इंग्रजी शाळांत जातात, आणि आजोबांची लिपी त्यांतील फार थोड्यांस वाचतां येते. ज्या मुलानें वर्गांत सिंधी म्हणून हात वर केला त्यास मीं मागाहून विचारलें, तेव्हां तो म्हणाला, "सर, समजते, पण उत्तर मी मराठींतच देतों."

आतां पुन्हां त्या डब्याकडे वळूं. 'मना डबा कोठे शे' हें वाक्य अशुद्ध मराठी नव्हे. तें शुद्ध अहिराणी आहे. मराठींत 'चा, ची, चें' आहे तेथें अहिराणींत 'ना, नी, न' येतो. गुजरातींतही 'नो, नी, नुं' येतो. आपल्या 'आहे' ला अहिराणींत 'शे' म्हणतात, गुजरातींत 'छे'. 'पाहिजे' ऐवजीं 'जोयजे' म्हणतात. मुलगा तो 'आंडोर' आणि मुलगी ती 'आंडेर'. ह्या भाषेला स्वतःचें व्याकरण आहे आणि तें नियमानें चालतें. तें पाळण्यांत चूक झाली तर आजी ताबडतोब हसते. सर जॉर्ज ग्रियर्सन ह्यांच्या संपादकत्वाखालीं भारतांतील भाषांची जी मोठी पाहणी झाली तिच्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागांत, १९०७ सालीं, खानदेशीस भिल्ली भाषांबरोबर स्थान दिलें गेलें. विद्वानांत ह्याविषयीं मतभेद आहेत. कोणी तिला मराठीची बोली म्हणतात, कोणी गुजराती आणि मराठी ह्यांच्या मधली स्वतंत्र भाषा म्हणतात. माझें मत विचाराल तर, दोन्ही बाजूंचे शेजारी जिला आपली म्हणतात त्या भाषेनें लाजण्याचें कारण नाहीं. २०११ च्या जनगणनेंत खानदेशी ही निराळी भाषा म्हणून मोजली आहे, आणि ती मातृभाषा सांगणाऱ्यांची संख्या अठरा लाखांहून अधिक आहे. ही संख्या म्हणजे सांगणाऱ्यांची संख्या, हें ध्यानांत ठेवावें. माझ्या वर्गांत त्या दिवशीं ती शून्य होती.

पूर्वेकडील लेवा गणबोली हिचीही हीच कथा. तींत 'ळ' चा 'य' होतो. केळी ती 'केयी' आणि जळगांव तें 'जयगांव'. ह्या उच्चारावरून मुंबई-पुण्यांत कित्येकांची थट्टा झालेली आहे. परंतु ह्याच बोलींत आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी ह्यांनीं आपलीं गाणीं रचलीं. त्यांचा जन्म १८८० चा, मृत्यु १९५१ चा. त्यांना लिहितां वाचतां येत नव्हतें. जात्यावर, शेतांत, चुलीपुढें त्या गात, आणि मुलानें व घरच्या मंडळींनीं कांहीं टिपून ठेवलें तेवढें वांचलें. आचार्य अत्रे ह्यांच्या प्रोत्साहनानें तें १९५२ मध्यें छापलें गेलें, तेव्हां बहिणाबाई हयात नव्हत्या. १९९० मध्यें जळगांव येथें निघालेल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठास २०१८ मध्यें त्यांचें नांव देण्यांत आलें. जी बाई शाळेची पायरी चढली नाहीं तिचें नांव आज पदवीच्या प्रमाणपत्रावर छापलें जातें. अशी आणखी किती गाणीं टिपून घेणारा कोणी नसल्यामुळें हवेंत विरलीं असतील, ह्याचा हिशेब कोणापाशीं नाहीं.

येथपर्यंत वाचून, इतके निरनिराळे लोक इतक्या सलोख्यानें राहिले असें चित्र कोणाच्या मनांत उभें राहिलें असेल, तर तें अपुरें आहे. १८९५ सालीं जुन्या धुळ्यांत गणपतीच्या मिरवणुकीवरून मशिदीसमोर तंटा झाला, गोळीबार झाला, आणि माणसें मेलीं. त्या गणपतीस लोक आजही 'खुनी गणपती' म्हणतात, आणि हें नांव ऐकून परगांवचे पाहुणे दचकतात. त्याच गणपतीची पालखी आतां दर वर्षीं मशिदीपाशीं येते, तेव्हां मुसलमान मंडळी पुढें होऊन फुलें उधळून तिचें स्वागत करतात. रक्त सांडलें तीच जागा त्यांनीं भेटीची ठरविली. जळगांवांत १८७२ पासून कार्तिकी एकादशीस श्रीरामाचा रथ निघतो; तो भिलपुऱ्यांत लालशा बाबांच्या दर्ग्यापाशीं थांबतो आणि तेथें चादर वाहिली जाते. ह्या रीती एका दिवसांत पडलेल्या नाहींत, आणि एकदां पडल्या म्हणजे आपोआप टिकतात असेंही नाहीं. २००८ च्या ऑक्टोबरांत धुळ्यांत मोठी दंगल झाली. ६ जानेवारी २०१३ रोजीं मच्छीबाजाराच्या भागांत खाण्याच्या बिलावरून दोघांचें भांडण लागलें. त्याची दंगल झाली आणि पोलिसांच्या गोळीबारांत सहा तरुण प्राणास मुकले. तुमच्यापैकीं कित्येकांच्या वडील भावंडांना ते दिवस आठवत असतील. त्या दिवसांत शाळा बंद होती. पुन्हां उघडली तेव्हां कांहीं बाकांवर मुलें जागा बदलून बसलेलीं मला दिसलीं. मीं तेव्हां कांहीं बोललों नाहीं. बोलावयास हवें होतें.

सलोखा व्याख्यानापेक्षां जेवणांत लवकर सांपडतो. बाजरीची भाकरी, कळण्याची भाकरी, शेवेची भाजी, वांग्याचें भरीत, दाळबट्टी, खापरावरचे मांडे. ह्यांतील कोणता पदार्थ कोणी आणला हें शोधूं लागलांत तर बट्टी तुम्हांस माळव्याकडे आणि राजस्थानाकडे नेईल, आणि भरीत लेवा पाटीदारांच्या शेतावर. श्रावणांत नागपंचमीनंतरच्या रविवारीं कानबाई बसते. रोटांकरितां घरांतील प्रत्येक पुरुषाच्या नांवानें गव्हाच्या मुठी मोजून घेतात. म्हणून परगांवीं असलेला मुलगाही त्या दिवशीं हिशेबांत धरला जातो. सोमवारीं वाजतगाजत नदीवर विसर्जन होतें.

हे परगांवचे मुलगे बहुतेक कोठें असतात? सुरतेस. उधना आणि लिंबायत ह्या भागांत खानदेशी लोकांची इतकी वस्ती आहे कीं तेथील बाजारांत उभें राहिलें असतां आपण नंदुरबारच्या बाजारांत आहों असा भास होतो. गिरण्यांत, मागांवर, हिऱ्यांच्या कारखान्यांत, रिक्षा चालविण्यांत आपले लोक तेथें आहेत. सुरतेच्या मूळ रहिवाशांच्या दृष्टीनें ते 'महाराष्ट्रावरून आलेले' होत. आपल्या शेजाऱ्यास धुळ्यांत जो शब्द लागू होतो तो आपल्याच मामास सुरतेंत लागू होतो. आणि सुरतेंत हा मामा शाळेंत जाणाऱ्या मुलास काय सांगत असेल? बहुधा हेंच कीं, बाहेर गुजराती बोल, अहिराणी घरीं.

दिवाळीच्या सुटीपूर्वीं मीं त्या वर्गास एक कागद दिला. त्यावर तीनच प्रश्न होते: तुमच्या घराण्यांतील कोण सर्वांत प्रथम ह्या शहरांत आलें, कोठून आलें, आणि घरांत कोणकोणत्या भाषा बोलतात. उत्तरें घरांतील सर्वांत वृद्ध माणसास विचारून आणावींत असें बजावलें होतें. सुटी संपल्यावर सत्तेचाळीस कागद परत आले. त्यांत अकरा भाषांचीं नांवें होतीं. एका मुलीच्या पणजोबांनीं हैद्राबाद-सिंध सोडतांना किल्ली शेजाऱ्यापाशीं दिली होती, व ती परत मागण्यास जातां येईल असें त्यांस शेवटपर्यंत वाटत होतें. एका विणकराच्या नातवानें लिहिलें होतें कीं आम्ही मालेगांवाहून आलों, त्याआधीं 'अल्लाबाद'. सातपुड्यांतील एका मुलानें पहिल्या प्रश्नापुढें 'मी' एवढेंच लिहिलें होतें.

डब्याच्या मुलाचा कागद सर्वांत शेवटीं आला; तोही चुरगळलेला. आजीचे आजोबा बुऱ्हाणपूरहून बैलगाडीनें आले, त्याआधीं कोठें होते तें आजीस सांगतां येत नाहीं, असें त्यांत होतें. भाषेच्या रकान्यांत त्यानें प्रथम 'मराठी' लिहिलें होतें. मग त्याच्या वर, थोड्या निराळ्या शाईनें, 'अहिराणी' असें लिहिलें होतें, आणि खालीं कंसांत, मला वाटतें आजीच्या सांगण्यावरून, 'आजी फक्त हीच बोलते' असें.